वडिलांचे घर विकताना कर नेमका कोणी आणि कशावर भरायचा?

प्रश्न : कुर्टीकर (फोंडा)

वडिलांनी १९८७ साली फोंड्याजवळ बांधलेले घर आम्ही येत्या मार्चपूर्वी, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षातच, ९० लाख रुपयांना विकायचे ठरवले आहे. वडील २०१९ मध्ये वारले. मागे आई, मी, बहीण आणि मस्कतला नोकरी करणारा थोरला भाऊ असे आहोत. आम्हा तिघांचीही लग्ने झालेली आहेत. शेजारी सांगतात की वारशाच्या घरावर कर नसतो. दलालाचे म्हणणे असे की खरेदीदार एक टक्का कापून घेतो तोच कर, आणि खतात किंमत ६० लाख दाखवून उरलेली रक्कम रोख घेतली तर तोही कमी होईल. आमच्या वाड्यावर प्रत्येक जण अर्धा सीए असल्यामुळे खरे काय ते कळेनासे झाले आहे.

उत्तर : म्हापशेकर

वारसा मिळताना कर नसतो, कारण इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली; मात्र तेच घर विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्यावर कर आहे. घर २००१ पूर्वीचे असल्यामुळे बांधकामाच्या खर्चाऐवजी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, परंतु ते त्या दिवशीच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा हे मूल्य १५ लाख निघाले, तर साध्या पद्धतीने ७५ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी सुमारे ९.३८ लाख कर होतो. महागाई निर्देशांकाने (२०२५-२६ साठी ३७६) खर्च वाढवून घेतल्यास तो ५६.४ लाख होतो आणि उरलेल्या ३३.६ लाखांवर २० टक्क्यांनी ६.७२ लाख येतात, उपकर वेगळा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या स्थावरासाठी निवासी व्यक्तीला यांतील कमी कर लागू होतो. तुमच्या भावाला मात्र, तो अनिवासी असल्यास, निर्देशांकाची ही सवलत नाही.

एक टक्का ही केवळ आगाऊ कपात आहे. ती विवरणपत्रात वजा होते. रोखीचा सल्ला मात्र साफ नाकारा. सरकारी मूल्य खतातील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर कर सरकारी मूल्यावरच मोजतात, आणि स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दलालाचे त्यात काही जात नाही.

उत्तर : मडगावकर

वरील हिशेब एकच विक्रेता धरून केलेला आहे, आणि गोव्यात नेमके तिथेच चुकते. इथे लागू असलेल्या पोर्तुगीजकालीन कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर घराचा अर्धा भाग आईचा स्वतःचाच आहे. उरलेला अर्धा तीन मुलांचा असून त्यांच्या वाट्यात त्यांचे जोडीदारही भागीदार असतात, म्हणून विक्रीखतावर वहिनींची आणि बहिणीच्या यजमानांचीही सही लागेल. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ५अ नुसार पोर्तुगीज नागरी संहितेखालील पती-पत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे विभागले जाते, आणि भांडवली नफा त्यात येतो. तेव्हा ९० पैकी ४५ लाख आईचे, प्रत्येक मुलाच्या वाट्याचे १५ लाख, आणि विवरणपत्रात पती व पत्नी प्रत्येकी आपल्या साडेसात लाखांच्या वाट्यातील नफा दाखवतील. सगळी रक्कम एकाच्या खात्यात घेऊन घरच्या घरी वाटण्याची पद्धत आपल्याकडे आहे; ती कृपया टाळा.

कुर्टीकर :

आईला फोंड्यातच छोटा फ्लॅट घ्यायचा आहे. तिने ४५ लाख पूर्ण गुंतवलेच पाहिजेत का?

म्हापशेकर :

नाही. कलम ५४ खाली राहत्या घराचा नफा तेवढा नव्या घरात गुंतवायचा असतो, पूर्ण विक्रीची रक्कम नव्हे. पूर्ण रकमेची अट भूखंडासारखी इतर मालमत्ता विकणाऱ्याला आहे. मुदत विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षे, आणि बांधकाम करणार असल्यास तीन वर्षे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत फ्लॅट ठरला नाही, तर नफ्याची रक्कम बँकेतील कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी, नाहीतर सवलत जाते.

मात्र भावाचे काम आधी हाती घ्या. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर एक टक्का नव्हे, तर साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर कापावा लागतो, आणि कमी कपातीचा दाखला हाती नसल्यास सावध खरेदीदार नफ्यावर नव्हे, पूर्ण वाट्यावर कापतो. वहिनीही तिकडेच राहत असतील तर त्यांचेही तसेच. हा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून विक्रीखतापूर्वी मिळवायचा असतो, त्यामुळे खताची तारीख दलालाला सांगण्यापूर्वी मस्कतला फोन करा.