सजीव आणि परिसर यांचं 'नातं' मोजतात तरी कसं?

शंकासुर:
मंडळी, एक बाळबोध प्रश्न. (शिक्षण मेकॅनिकलचं, सांभाळून घ्या.) इकॉलॉजीची व्याख्या सगळीकडे एकच दिसते: सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातल्या संबंधांचा अभ्यास. पण संबंध काही वजनकाट्यावर ठेवता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत एकच गोष्ट बदलतात, बाकीच्या जागच्या जागी ठेवतात. जंगलात किंवा समुद्रात ऊन, पाऊस, माती, शिकारी सगळंच एकदम हलत असतं. मग अमक्यामुळे तमकं झालं, हे ही माणसं कशाच्या जोरावर सांगतात? 'निसर्गात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं' हे उत्तर कृपया नको. ते कॅलेंडरवर छापतात.

कुतूहल:
सुरुवात मोजणीने होते. झाडंझुडपं असतील तर ठरावीक मापाची चौकट जमिनीवर टाकायची आणि आत काय काय, किती आहे ते लिहायचं; अशा भरपूर चौकटी, आणि त्याही मनाला येईल तिथे नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. पळणारे प्राणी असतील तर पकडा, खूण करा, सोडा. समजा ५० उंदरांना खूण केली. नंतर पुन्हा ४० पकडले, त्यात १० खुणेचे निघाले, म्हणजे दर चारांत एक खुणेचा; तर ५० हा चौथा हिस्सा धरून एकूण अंदाजे २००. कुठे किती हे कळलं, की ते तापमान, ओलावा यांच्याशी ताडून बघायचं.

चिखलपाय:
मोजणी हवीच, पण तिथेच थांबलं तर हमखास फसगत होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकाला चिकटून राहणारे दोन जातींचे बार्नॅकल (कवचातले छोटे समुद्री जीव) सापडतात. लहान चणीचा थॅमॅलस वरच्या कोरड्या पट्ट्यात, थोराड बॅलॅनस खाली. चौकटी टाकून मोजलंत तर निष्कर्ष ठरलेला: थॅमॅलसला जास्त वेळ पाण्याखाली राहणं मानवत नाही. इकॉलॉजिस्ट जोसेफ कॉनेल यांनी काय केलं, तर थॅमॅलस चिकटलेले दगडच उचलून खाली नेऊन बसवले. प्रत्येक दगडाच्या अर्ध्या भागावरचे बॅलॅनस काढत राहिले, उरलेला अर्धा तसाच सोडला. एकेका बार्नॅकलच्या जागेचा नकाशा ठेवला, म्हणजे कोण मेला आणि कोणाच्या शेजारी मेला, हे पुढच्या खेपेला कळायचं.

बॅलॅनस काढलेल्या भागात थॅमॅलस खालीसुद्धा मजेत जगला. न काढलेल्या भागात बॅलॅनस त्याच्या अंगावर वाढला, त्याला खालून उचकटलं, नाहीतर बाजूने दाबून चिरडलं. म्हणजे अडचण पाण्याची नव्हतीच, शेजाऱ्याची होती! उलट बॅलॅनसची वरची हद्द खरोखरच उन्हाने सुकण्यामुळे ठरते. हा शोधनिबंध १९६१ सालचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या-अर्ध्या दगडात आहे. बाकीच्या गोष्टी कोणी धरून ठेवत नाही. त्या दोन्ही बाजूंना सारख्याच हलू देतात. ऊन दोन्हीकडे तेच, लाट तीच. फरक फक्त तुम्ही काढलेल्या गोष्टीचा.

दुसरे इकॉलॉजिस्ट रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हाच खाक्या चालवला. साधारण ८ मीटर लांब आणि २ मीटर उंचीच्या खडकाळ पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात भिरकावायचे, शेजारचा पट्टा जसाच्या तसा. काढलेल्या भागात, खाणारा तारामासाच नसल्यामुळे, शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ जातींच्या ८ झाल्या.

शंकासुर:
वा, हे पटलं. पण दगड उचलता येतो हो. अख्खं तळं किंवा डोंगर कसा उचलणार?

चिखलपाय:
उचलत नाहीत, मधोमध पडदा घालतात. थट्टा नाही. कॅनडात ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातलं २२६ क्रमांकाचं तळं कमरेत बारीक. १९७३ मध्ये तिथे पडदा लावला आणि दोन्ही भागांत कार्बन-नायट्रोजन सोडला, एकात मात्र फॉस्फरसही. तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा नाही. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवरून तेव्हा बराच वाद चालू होता, त्यात या तळ्याच्या विमानातून काढलेल्या फोटोने मोठं काम केलं.

डोंगराचं म्हणाल तर हबर्ड ब्रूक, अमेरिकेतलं प्रयोगांसाठी राखलेलं जंगल. एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं १९६५-६६ च्या हिवाळ्यात तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं, नवं काही उगवू नये म्हणून तणनाशक मारलं. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट कितीतरी पटींनी वाढलं, कारण ते शोषून घेणारी मुळंच उरली नव्हती. आज असं करायला परवानगी मिळेल का, शंका आहे.

आकडेमोड:
एक पडदा, एक तळं. नमुना एकच! संख्याशास्त्रवाले यावर नाक मुरडतात आणि त्यात तथ्य आहे. पण 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हा हट्टही इथे धरून चालत नाही. कॅनडातल्याच क्लुएन या जंगली भागाचं उदाहरण घ्या. तिथल्या हिमससांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात चढते-उतरते. शिकाऱ्यांमुळे की अन्नामुळे? १९८६ पासून एकेका चौरस किलोमीटरच्या तुकड्यांवर तपासलं. नुसतं विजेचं कुंपण घालून लिंक्ससारख्या (लिंक्स म्हणजे मोठं रानमांजर) शिकाऱ्यांना बाहेर ठेवलं तर ससे सुमारे दुप्पट. नुसतं जादा अन्न दिलं तर तिप्पट. दोन्ही केलं तर ११ पट.

शंकासुर:
दोन त्रिक सहा. मग ११ कुठून आले?

आकडेमोड:
तीच तर गंमत. शिकारी आसपास असला की ससा धड चरत नाही, त्या ताणाने पिल्लंही कमी होतात. उलट भूक असली की आडोसा सोडून उघड्यावर यावं लागतं आणि तिथे तो पकडला जातो. दोन्ही कारणं एकमेकांना बळ देतात. वेगवेगळी तपासली असती, तर हे हाती लागलंच नसतं. आणि ११ पटीसुद्धा कुंपण जमिनीवरच्या शिकाऱ्यांपुरतं असताना! घुबडं वरून येतच होती.