थंड हवेत घरातलं बॉन्साय: कोणतं झाड घ्यावं? (मिनेसोटा, बजेट ७५ डॉलर)

सोनचाफा
नमस्कार मंडळी. आम्ही मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला भाड्याच्या टाउनहोममध्ये राहतो. घरात एखादं बॉन्साय असावं असं फार मनात आहे. माहिती देऊन ठेवते: दक्षिणेला खिडकी नाही, पश्चिमेला एक मोठी आहे. हिवाळ्यात थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर असतो. उन्हाळ्यात छोटासा डेक वापरता येतो. घरात मांजर आहे आणि हिरवं काही दिसलं की ती चावून बघते. झाड, कुंडी, माती सगळं धरून खर्च ७५ डॉलरच्या आत. झाड शक्यतो आपल्याकडचं वाटेल असं हवं. पाइन-ज्युनिपर नको. काय घेऊ, कुठून घेऊ?

बर्फाळलेला
सरळ सांगतो, नादी लागू नका. मी हौसेने मॉलमधल्या स्टॉलवरून ज्युनिपर आणलं होतं. वर पांढरे खडे, शेजारी चिनी म्हातारा मासे पकडतोय. रोज पाणी घातलं, बैठकीत ठेवलं, मेलं. खडे गोंदाने चिकटवलेले निघाले, पाणी आत जातच नव्हतं. म्हातारा अजून आहे.

देशीमाळी
@बर्फाळलेला, ज्युनिपर बैठकीत मरणारच. त्याला हिवाळ्यात थंडी लागते, तेव्हा ते विश्रांती घेतं. ती मिळाली नाही की खंगतं. शिवाय मेल्यावरही काही आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे माणूस मेलेल्या झाडाला पाणी घालत राहतो. पण धागाकर्तीने ज्युनिपर नको असं स्पष्ट लिहिलंय हो.

सोनचाफा, डोळे मिटून फायकस मायक्रोकार्पा घ्या. आपलं नांदरूक. देशात रस्त्याकडेला असतं तेच. सुक्या हवेला, कमी उजेडाला, विसरलेल्या पाण्याला पुरून उरतं. इथे मोठ्या दुकानांत 'जिनसेंग' नावाने वीस-पंचवीस डॉलरला मिळतं, बटाट्यासारख्या फुगलेल्या मुळांचं. त्याच्या वरच्या फांद्या बहुधा कलम केलेल्या असतात, त्यामुळे कलमाखाली छाटलं की वेगळीच पानं फुटतात. एवढं लक्षात ठेवा.

कोकणस्थलांतरित
जिनसेंग म्हणजे बॉन्साय नव्हे, शोभेची कुंडी. घ्यायचं तर विलो-लीफ फायकस घ्या, लांबट बारीक पानांचं. माझं फ्लोरिडाच्या नर्सरीतून आलंय, खोड मनगटाएवढं. झाडाचे ४०० गेले, जपानी कुंडीचे वेगळे. पाहुणे आले की आधी झाडाकडे जातात, मग आमच्याकडे. बजेट थोडं वाढवाच.

गुळपोळी
+१ नांदरूक.

नाचणी_सत्त्व
बॉन्साय घरात ठेवू नये म्हणतात. खुंटलेलं झाड, खुंटलेली प्रगती. विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. आमच्या ओळखीत एकांनी ठेवलं आणि एच-वन-बी अडकला.

ओव्हरटाइम
@नाचणी_सत्त्व, माझ्या घरात बॉन्साय नाही. माझं ग्रीन कार्ड का अडकलंय ते सांगा.

मातीचे_पाय
अवांतर: पिंपळाचं बॉन्साय केलं तर त्यावर मुंजा बसतो का? बसलाच तर केवढासा असेल? हलके घ्या.

देशीमाळी
मुंजाचं माहीत नाही, पण पिंपळ आणि वड दोन्ही नवख्याने टाळावेत. पानं मोठी, पिंपळाचे देठही लांब. कितीही छाटा, कुंडीच्या मानाने पान मोठंच दिसतं. नांदरुकाचं पान मुळात लहान, छाटणीने आणखी लहान होतं.

सोनचाफा
सर्वांचे आभार. सासूबाई फोनवर म्हणाल्या, वडच लाव, वटपौर्णिमेला उपयोगी पडेल. :) देशातून येताना रोप आणता येईल का?

अण्णा_टोरंटो
मातीसकट अजिबात नाही. मुळं धुतलेली हवीत, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) हवं, विमानतळावर जाहीर करायला हवं. आमच्या एका स्नेह्यांनी बॅगेत तुळस लपवून आणली होती. तुळस गेली आणि वर दंड.

हिरवी_मिरची
तुळशीवरून आठवलं, माझा कढीपत्ता दर जानेवारीत पानं टाकतो. काय करू?

ओव्हरटाइम
आला! कढीपत्ता आल्याशिवाय इथे झाडांचा धागा पूर्ण होत नाही.

गुळपोळी
कढीपत्त्याला ताक घाला.

अण्णा_टोरंटो
बंद घरात ताक नका घालू, चिलटं होतात आणि वास सुटतो. पानं टाकू देत. पाणी कमी करा, मार्चमध्ये फुटेल.

लक्समीटर
सगळे झाड कोणतं यावर भांडताय, उजेडाबद्दल कोणीच बोलत नाही. मिनियापोलिस ४५ अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेनऊ तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम २२ अंश. पुण्यात त्याच दिवशी ४८ अंश आणि सुमारे ११ तास. त्यात यांची खिडकी पश्चिमेची. साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे कोवळं ऊन दोन-तीन तास, तेही ढग नसले तर.

आपल्या डोळ्यांना बैठकीची खोली उजळ वाटते. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप घ्या आणि बघा, दिवे लावून दोन-तीनशे भरेल. उष्ण कटिबंधातलं झाड नुसतं जगवायचं नसून वाढवायचं असेल तर शेंड्यापाशी दहा हजारांच्या आसपास हवेत, रोज १४ तास. म्हणजे एलईडी ग्रो लाइट. २५-३० डॉलरमध्ये बरा येतो. जांभळा नको, पांढरा घ्या, पानांवरची कीड तरी दिसते. दिवा शेंड्यापासून ६ ते १२ इंचांवर. छताला टांगलात तर खोली उजळेल, झाड नाही. सोबत टायमर. ७५ पैकी निम्मे पैसे इथे घाला, उरलेल्यात मिळेल ते झाड घ्या.

कोकणस्थलांतरित
माझं झाड खिडकीतच आहे. दिवा नाही, काही नाही. मस्त आहे.

लक्समीटर
तुम्ही ह्यूस्टनला राहता.

कोकणस्थलांतरित
आमच्याकडेही थंडी पडते. २०२१ च्या फेब्रुवारीत वीज गेली होती तेव्हा विचारायला हवं होतंत.

सायीचं_दही
दिव्याला माझंही अनुमोदन. आणि आर्द्रतेचं बघा. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) सुरू झाला की घरात २० टक्क्यांच्या खाली जाते. कुंडीखाली खड्यांचा ताट ठेवून त्यात पाणी भरा.

लक्समीटर
ताटाने फार फरक पडत नाही, ते पाणी खोलीभर विरून जातं. ह्युमिडिफायर लावला तर पडतो, पण उणे वीसला खिडकीच्या काचा घामेजतात आणि चौकटीला बुरशी धरते. नांदरुकासारख्या झाडाला सुकी हवा चालते. गरम हवेच्या व्हेंटसमोर ठेवू नका आणि पान काचेला टेकू देऊ नका, एका रात्रीत काळं पडतं.

दुसरी_शिफ्ट
मी सेंट पॉलला राहतो. दोन गोष्टी. एक, कोमो पार्कच्या कंझर्व्हेटरीत (काचेच्या वनस्पतीघरात) बॉन्सायचं दालन आहे. प्रवेश ऐच्छिक देणगीवर, जाऊन बघा, खर्च शून्य. मिनेसोटा बॉन्साय सोसायटीही आहे, तिथली माणसं सढळ हाताने सल्ला देतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथे घरोघरी वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) असतो. त्यात मीठ घालतात आणि सोडियम कुंडीत साठत जातं. पानांच्या कडा जळतात आणि लोक म्हणतात थंडी बाधली. सॉफ्टनरला न जोडलेला नळ शोधा, बागेचा बहुधा तसा असतो. तोही हिवाळ्यात बंद असेल तर बादलीभर बर्फ आणून घरात वितळू द्यावं. माझी सगळी झाडं हिवाळाभर त्यावरच असतात. खोलीच्या तापमानाला आल्यावरच घाला. बर्फ अंगणातलं घ्या, रस्त्याकडेचं नको, त्यात मीठ असतं.

बर्फाळलेला
म्हणजे आता बर्फ उपसायचा, वर तो घरातही आणायचा!

अण्णा_टोरंटो
पाणी तारखेने घालू नये. लाकडी चॉपस्टिक मातीत खुपसायची, पाच मिनिटांनी काढून बघायची. दमट आणि काळपट निघाली तर थांबा, कोरडी निघाली तर तळातून वाहीपर्यंत घाला. दुकानातल्या झाडाची माती पीटची (कुजलेल्या शेवाळाची) असते. एकदा कडक वाळली की पाणी कडेने निघून जातं आणि गड्डा आत कोरडाच राहतो. तेव्हा अख्खी कुंडी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

देशीमाळी
बरोबर. आणि रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या वर टिकू लागलं की झाड डेकवर. सुरुवातीचे आठ-दहा दिवस सावलीत, नाहीतर पानं भाजतात. सप्टेंबरात परत आत, पण आधी पानांची मागची बाजू बघा. खवले किडे आणि पिठ्या ढेकूण बाहेरून येतात आणि घरात माजतात. कापसाच्या बोळ्यावर रबिंग अल्कोहोल घेऊन पुसायचं. आत आणल्यावर फायकस रुसून पानं गाळतं. घाबरून पाणी वाढवू नये.

मातीचे_पाय
थंड प्रदेशात घरातलं फायकस होत नाही असं वाटत असेल तर मोंटानातल्या व्हाइटफिशच्या जेरी मायस्लिक यांच्या झाडांचे फोटो शोधा. दिव्याखाली वाढवलेली, पारंब्यांची, जंगलाचा भास देणारी. तिथलं हवामानही मिनेसोटासारखंच थंड.

केतकी_पिवळी
शेफ्लेरा का कोणी सुचवत नाही? कमी उजेडात सगळ्यात चिवट तेच. हवाईत लाव्हाच्या दगडावर मुळं चढवून करतात. मी घेतलंय, छान चाललंय.

सायीचं_दही
धाग्यात मांजर आहे, ते कोणी वाचलं का? शेफ्लेरा मांजराला विषारी. फायकसचा चीकही बाधतो, तोंड चुरचुरतं, ओकाऱ्या होतात. सुरक्षित म्हणजे पोर्टुलाकारिया. बारीक पानं, लालसर देठ, देशात नर्सरीत जेड म्हणून देतात ते. इथे जेड मागितलंत तर जाड पानांचा क्रॅस्युला हातात ठेवतील आणि तो मांजराला चालत नाही. फांदीचा तुकडा दोन-चार दिवस वाळवून मातीत खोचला की जगतो. माझ्याकडे जादा आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टाने पाठवते. फुकट.

गुळपोळी
हे उत्तम. मांजर + बजेट दोन्ही.

देशीमाळी
मांजर नजरेतून सुटलं खरं. पोर्टुलाकारियाला अनुमोदन, पण त्याला नांदरुकापेक्षा जास्त उजेड लागतो. दिवा हवाच.

सोनचाफा
सगळे प्रतिसाद वाचले, कोमोलाही जाऊन आले. निर्णय घेतलाय, रागावू नका.

दिवा आणि टायमर घेतला, दोन्ही मिळून ३८ डॉलर. झाड मात्र घेतलं नाही. मेक्सिकन दुकानात चिंचेच्या अख्ख्या शेंगा मिळाल्या, त्यातले चिंचोके पेरतेय. आजोळच्या अंगणात चिंच होती. रात्री पानं मिटते ते मुलीला दाखवायचंय. दिवा टांगलाय तो कपाटावरच्या कप्प्यात, तिथे मांजर पोचत नाही (अजून तरी). सायीचं_दही, तुमच्या फांद्याही घेईन, व्यनि केलाय.

देशीमाळी
एवढं सगळं लिहून घेतलंत आणि बी पेरताय! बियांपासून कुंडीत खोड अंगठ्याएवढं व्हायला तिथल्या हवेत सात-आठ वर्षं धरा.

कोकणस्थलांतरित
आमच्या फ्लोरिडावाल्याकडे तयार चिंच आहे. थोडी महाग आहे.

सोनचाफा
@देशीमाळी, चालेल. घाई नाही. पण बॉन्सायची उथळ कुंडी आताच घेऊन ठेवू का? एक निळी आवडलीय, २२ डॉलरला.

दुसरी_शिफ्ट
नका घेऊ. उथळ कुंडीत मुळं कोंडतात आणि खोड जाडच होत नाही. आधी काही वर्षं साधी प्लास्टिकची, खाली भोकं असलेली, आणि दर उन्हाळ्यात डेकवर. चिंचोक्याचं कवच एका कडेला कानशीने घासा, आतला पांढरा भाग दिसेपर्यंतच, मग रात्रभर कोमट पाण्यात. फुगतील ते पेरा, तरंगतील ते टाका. ट्रे फ्रिजच्या वर ठेवा, तिथे उबदार असतं. ५-६ तरी पेरा, सगळे उगवत नाहीत.

बर्फाळलेला
कुंडी घ्याच हो. झाड नाही तर नाही, माझा म्हातारा पाठवतो, त्याला शोभेल.