विजयदुर्गाजवळची आरमारी गोदी: कोल्हापुरातून निघून ओहोटी कशी गाठायची?

रंकाळाकाठ: गगनबावडा, वैभववाडी, तळेरे, पडेल या गावांवरून जायचा बेत आहे, तिघेजण. गिर्ये-रामेश्वर भागात वाघोटण खाडीकाठी कोरलेली जुनी गोदी तळात उतरून बघायची आहे, मापंही घ्यायचीत. कधी पोचायला लागतंय?

खाडीवाट: तारखेआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, दुपारी तीनला भरती, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, भरती-ओहोटीचं कोष्टक ताडून घ्याच. तृतीया-चतुर्थी उत्तम: उधाणाचा जोर असतो, पाणी खूप मागं जातं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तळ नीट उघडा पडत नाही. पौर्णिमेला ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. संध्याकाळची नकोच, अंधारात पाणी चढतं. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, पाणी वळलं की बाहेर.

जांभादगड: गोदी जांभ्यात खोदलेली आहे, सुमारे ३५० फूट लांब, २२५ फूट रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचं, टेकू द्यायचे. ओहोटीत पाणी उतरलं की तळाची डागडुजी. आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये इथंच विजयदुर्गाखाली जळालं, पुढं धुळपांच्या ताब्यातलं पेशव्यांचं आरमार इथलंच. एवढं मोठं काम आज गाळात आहे, म्हणून मापं घेताय हे फार चांगलं.

कडा काटकोनात आहेत असं धरू नका. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा, नाहीतर नकाशा जुळणार नाही. ३० मीटरची टेप एका दमात ताणली तर मध्ये झोळ पडून माप जास्त येतं; १०-१० मीटरवर खूण करत जा. खोलीसाठी गाळात सळई मात्र खुपसू नका. हवा न लागलेल्या गाळात जुनं लाकूड टिकतं, एका भोकानं ते बिघडतं.

खाडीवाट: चपला गाळात राहतात. नाडीचे जुने कॅनव्हास बूट घाला, कालवांच्या शिंपा पाय कापतात. पाय रुतला तर उपसू नका, दुसरा रुततो. मागं रेलून, टाच हलवत हळूहळू काढा. कांदळाच्या (खारफुटीच्या) फांद्या तोडू नका. काही जुनं दिसलं तर पट्टी ठेवून फोटो घ्या, वस्तू जागेवरच राहू द्या.

रंकाळाकाठ: म्हणजे साडेसातला तिथं, कोल्हापुरातून साडेतीनला निघायला लागणार.

जांभादगड: अंधारात, धुक्यात गगनबावड्याचा करूळ घाट उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी विजयदुर्गात मुक्काम करा. घाट सुरू आहे का तेही विचारून निघा. बंद असेल तर भुईबावडा घाटानं जा.