एनमची किंमत (व्हॅल्यू) आकड्यात ठेवायची की अक्षरात?

तापीकाठचा
रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मालाचे प्रकार जावाच्या एनममध्ये, म्हणजे कोडात लिहिलेल्या ठरावीक नावांच्या यादीत होते: नवती, कांदेबाग आणि वापसी, म्हणजे हलक्या प्रतीचा माल. जावातली माहिती डेटाबेसात साठवणाऱ्या जेपीएला काही सांगितलं नाही तर ते डेटाबेसात नाव नाही, यादीतला क्रमांक टाकतं. तसेच पडत होते 0, 1, 2. मागच्या हंगामात नव्या पोराने 'पिलबाग' वाढवला, तोही नवतीच्या लगेच खाली, कारण तिथे शोभतो. झालं! जुन्या पावत्या पुन्हा छापल्या तर कांदेबागाचा पिलबाग झालेला आणि वापसी कांदेबाग म्हणून मिरवतेय. वापसीचा भाव काय असतो ते केळीवाल्याला सांगायला नको. एरर एकही नाही, कंपायलर गप्प.
माझं मत आता पक्कं आहे. एनमला अक्षरी किंमत द्या, तीच साठवा.

भुसावळ_जंक्शन
चूक आकड्यांची नाही, क्रमावर विसंबल्याची आहे. प्रत्येक प्रकाराला स्वतःचा आकडा हाताने द्या, 10, 20, 30. मध्ये कितीही घुसवा, काही हलत नाही. सी मध्ये एनम म्हणजे पूर्णांकच असतो, तिथे लोक वर्षानुवर्षं असंच निभावतात.

तापीकाठचा
निभावतात, मान्य. पण रात्री 11 ला मालकाचा फोन आला की मी थेट टेबल उघडतो. तिथे 'वापसी' लिहिलेलं असलं तर लगेच कळतं. 30 म्हणजे काय, हे आठवायला आधी कोड उघडावा लागतो.

धुळ्याचा_भो
ना भो, अक्षरं काही कमी गुण उधळत नाहीत. आमच्याकडे 'व्यापाऱ्याकडे' अशी देवनागरी किंमत होती. त्यातला ऱ्य एकाने ऱ वापरून टाइप केला, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर डिट्टो सारखं, तुलना केली तर वेगळं. युनिकोड नॉर्मलाइझ करूनही, म्हणजे सारखी दिसणारी अक्षरं एका साच्यात आणूनही, दोन्ही एक होत नाहीत. दोन दिवस गेले. शेवटी आजी म्हणाली, "कसाले इतला तरास लेस?"
साठवायची किंमत साध्या रोमन अक्षरांत ठेवा, दाखवायचं नाव वेगळं. उद्या नंदुरबारच्या ग्राहकाला अहिराणीत पाटी हवी झाली तर डेटाबेस बदलणार का?

तापीकाठचा
हा मुद्दा घेतला. मी देवनागरीच टाकली होती, बदलतो.

पाटाचं_पाणी
तुम्ही दोघं किमतीवर भांडताय, मला एनमच खटकतो. टाइपस्क्रिप्टमध्ये 2.4 पासून अक्षरी एनम आहेत, पण वागणं विचित्र. बाहेरून आलेलं 'navti' त्या एनमच्या जागी थेट दिलं तर चालत नाही, अक्षरं तीच असूनही. साधा युनियन टाइप लिहा, म्हणजे 'यांपैकीच एक' अशी चालणाऱ्या अक्षरांची यादी; तेवढंच संरक्षण मिळतं आणि प्रोग्राम चालताना मागे काही उरत नाही. पायथनवाल्यांना 3.11 पासून स्ट्रएनम हा तयार अक्षरी एनम आहे, त्यांचं सुखात चाललंय.

भुसावळ_जंक्शन
ते 'चालत नाही' हेच तर हवंय ना? कुठलीही अक्षरं ढकलता आली तर एनम कशाला?

सातपुड्याखालून
मालाचे प्रकार व्यापारी ठरवतो, प्रोग्रामर नाही. मग ते कोडात कशाला? टेबल करा, मालकाला स्क्रीन द्या. पोस्टग्रेस डेटाबेसच्या स्वतःच्या एनममध्ये नवं नाव घालता येतं, घातलेलं काढता येत नाही, हे अनुभवून झालंय. गाडी 'भरली', 'निघाली', 'पोचली' असे टप्पे ज्यांवर कोड निर्णय घेतो, त्यांनाच एनम शोभतो.

तापीकाठचा
पण वापसी असली की आमच्या कोडात वेगळा दर लागतो. नुसतं टेबल करून तो 'जर' कुठे जाणार?

सातपुड्याखालून
टेबलात दराचा रकाना ठेवा. 'जर' उरतच नाही.

तापीकाठचा
हं. मालकाला त्या स्क्रीनवर बसवायची माझी हिंमत नाही, तूर्तास एनमच.

धुळ्याचा_भो
ते असो, जुने आकडे सरळ कसे केलेस?

तापीकाठचा
पोराने नवी आवृत्ती चढवली ती तारीख धरली. आधीच्या नोंदींना जुना क्रम, नंतरच्यांना नवा. त्या एका दिवसाच्या नोंदी मात्र पावतीपुस्तक समोर ठेवून हाताने भरल्या. पोरगा शेजारी बसून वाचून दाखवत होता.