'कौन्सिल हाउस'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी: ऑक्सफर्डच्या कटस्लो भिंतींवरचा लेख मराठीत करतेय. तिथल्या कौन्सिलनं, म्हणजे पालिकेनं, जुन्या मोडक्या वस्तीतली काही कुटुंबं आपल्या नव्या भाड्याच्या घरांत, म्हणजे 'कौन्सिल हाउस'मध्ये आणली. आपल्या घरांचा भाव पडेल म्हणून शेजारच्या बिल्डरनं १९३४ साली रस्त्यांवर आडव्या दोन भिंतीच घातल्या, दोन मीटरहून उंच, वर लोखंडी सुळे. मी 'म्हाडाची घरं' लिहिलं होतं, संपादकांनी 'परिषद गृहे' केलं. हे कुणाला कळेल?

पार्लेकर: 'परिषद गृह' म्हटलं की साहित्य परिषदेचं सभागृह आठवतं. पण म्हाडाही नको. सोडत लागली की ते घर आपण विकत घेतो. कौन्सिलची घरं भाड्याची. ती विकत घ्यायचा हक्क भाडेकरूंना १९८० च्या कायद्यानं मिळाला. जवळचं उदाहरण मुंबईत सरकारनं भाड्यानं दिलेल्या बीडीडी चाळींचं.

लेस्टरवासी: इथे इंग्लंडातली मराठी माणसं सरळ 'कौन्सिलचं घर' म्हणतात. 'तिला कौन्सिलचं घर मिळालं.' सगळ्यांना कळतं.

शब्दनिष्ठ: तिथल्यांना कळतं, सांगलीच्या वाचकाला नाही. सावरकरांचा 'महापौर'ही एकदा नवाच होता. 'पालिकागृह' करा, रुळेल.

पार्लेकर: महापौर आपल्या गावात होता म्हणून रुळला. पालिकागृहात आपल्याकडे राहतं कोण?

आराखडेवाला: लेखात पुढे रहिवाशांच्या 'ऑब्जेक्शन्स' आल्या तर 'विरोध' लिहू नका. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्यावर 'हरकती व सूचना' मागवतात. हरकत लेखी द्यायची, तिच्यावर सुनावणी होते. त्या बिल्डरनं केली ती अडवणूक.

वऱ्हाडी: आमच्या शाळेत 'काय हरकती चालल्या रे?' म्हणजे खोड्या! आक्षेप हा अर्थ आला कुठून?

ठुमरी: अरबीत हरकत म्हणजे हालचाल. गाण्यातली हरकतही तीच, स्वरांची चपळ हालचाल. माझा तर्क असा की कुणी जागचं हलून मध्ये आलं, म्हणून अडथळा.

वऱ्हाडी: नाही पटत. आजोबा सांगायचे, काम हरून नेते ती हरकत.

ठुमरी: मग बरकतीत काय 'बरून' नेतात? दोन्ही एकाच घडणीचे अरबी शब्द आहेत. 'हरणे'चा संबंध नाही.

शब्दनिष्ठ: म्हणूनच 'आक्षेप' लिहा.

आराखडेवाला: महापालिकेच्या जाहिरातीत 'हरकती'च छापतात. लोकांना तोच शब्द शोधावा लागतो.

अनुवादिनी: माझ्या घरांचं काय? १९३८ मध्ये कौन्सिलनं भिंती पाडल्या, त्या परत बांधाव्या लागल्या. कायमच्या गेल्या १९५९ ला. एवढ्या वेळा हा शब्द येतो! तूर्त 'पालिकेची भाड्याची घरं' लिहितेय.

शब्दनिष्ठ: 'भाडे' चालेल, ते 'भाटक'वरून आलंय. 'भाटकगृह' तर अधिक सुटसुटीत.

लेस्टरवासी: भाटकगृह?! कृपा करा.

वऱ्हाडी: जुन्या मोडी कागदांत 'हरकत' अडथळा या अर्थानं कुणी वाचलाय का? असेल तर कागदाचं साल सांगा.