जुन्या ४०७ चे ब्रेक पेडल हळूहळू खाली जाते: मास्टर सिलिंडरला किट घालावे की नवीन असेंब्ली घ्यावी?

गूळगाडी
नमस्कार मंडळी. माझी जुन्या बांधणीची टाटा ४०७ आहे आणि तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे भरून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरायचा आणि वैभववाडी, कणकवलीकडे माल पोहोचवायचा, असे माझे भाडे असते. अलीकडे पेडलवर पाय स्थिर ठेवला की ते हळूहळू खाली सरकते आणि पाय उचलून पुन्हा दाबले की वर येते. डब्यातील ब्रेक ऑइलची पातळी कमी होत नाही व चाकांपाशीही कोठे ओल दिसत नाही. मेकॅनिक मास्टर सिलिंडरवरच, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलचा दाब तयार करून चाकांकडे पाठवणाऱ्या भागावरच, बोट ठेवतात. किट (आतल्या रबरी भागांचा संच) घालावे, नवीन असेंब्ली (पूर्ण सिलिंडर) घ्यावी की जुन्यालाच स्लीव्ह (आत बसणारी नळी) मारून घ्यावी? मजुरीसह तीन हजारांच्या आत भागवायचे आहे.

शिरोली_कार्गो
तीन हजारांचा आकडा आधी मनातून काढून टाका. आमच्या सर्व गाड्यांना मी सीलबंद नवीन असेंब्लीच बसवतो आणि त्याबरोबर व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही बदलतो. किट घालून गाडी घाटात पाठवणारा मालक मला समजतच नाही.

उद्यमनगरकर
कोल्हापुरात राहून चांगले ओतीव बॉडीचे सिलिंडर भंगारात टाकायचे, हे मनाला पटत नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअर (सिलिंडरचे आतले भोक) मोठा करून त्यात स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून, मूळ मापाला होनिंग (घासून गुळगुळीत) करून देणारे कारागीर आहेत. मी तसे करून घेतले असून ब्रेक उत्तम लागतो. मात्र बोअरमध्ये ऑइलच्या डब्याकडे जाणारे एक अतिशय बारीक छिद्र असते. स्लीव्ह घातल्यावर ते अचूक जागी पाडले गेले पाहिजे आणि आतल्या बाजूने त्याची धार मोडलेली असली पाहिजे, अन्यथा पिस्टनवरचा रबरी कप तिथेच कापला जातो.

दहाचाकी
या कटकटीवर एकच उपाय आहे, तो म्हणजे एअर ब्रेकची गाडी घेणे. माझ्या दहा चाकीला ब्रेकचे मास्टर सिलिंडरच नाही, तिथे पायाने हवेचा दाब सोडणारा फूट व्हॉल्व्ह असतो.

निपाणी_रोड
दहाचाकी साहेब, प्रश्न ४०७ चा आहे आणि एअर ब्रेकच्या टाक्यांतले पाणी वेळच्या वेळी सोडावे लागतेच. शिवाय आपल्या गाडीला क्लचचे मास्टर सिलिंडर असेल, तर तेथेही हेच रबर आणि हीच झीज असते.

दहाचाकी
क्लच गेला तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर थांबत नाही. एवढाच फरक मला पुरेसा आहे.

गोकुळशिरगाव_वर्कशॉप
गूळगाडी दादा, खरेदीपूर्वी निदान पक्के करून घ्या. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल मारा, म्हणजे बूस्टरमधील व्हॅक्यूम संपेल. मग मध्यम जोराने पाय दाबून धरा. पेडल तरीही खाली सरकत राहिले आणि बाहेर कोठेही ऑइल आले नाही, तर आतल्या कपाच्या कडेवरून ऑइल मागे जात आहे असे समजावे. त्याच स्थितीत पाय न उचलता इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसले तर बूस्टर काम करतो आहे, तो बदलण्याचे कारण नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवाल तेव्हा त्याच्या मागच्या तोंडावर बोट फिरवून पाहा. बोट ऑइलने ओले झाले, तर मागचा कप गेला आहे आणि ऑइल बूस्टरमध्ये जमा होत आहे. अशा वेळी बाहेर थेंबही दिसत नाही.

घाटाच्या मध्यावर पेडल तळाला जाते व गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होते, असा प्रकार असेल तर दोष बहुधा सिलिंडरचा नसून ऑइल उकळण्याचा असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ दर्जाचे ऑइल ताजे असताना २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ साठी हे किमान आकडे २३० आणि १५५ आहेत. गगनबावड्याचा पावसाळा पाहता दोन वर्षांच्या आत सर्व ऑइल बदलावे, आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

कागल_भाडे
मीही नवीन असेंब्लीच घ्या असे सांगेन, पण एक माप मोठ्या बोअरची घ्या. माझे पेडल त्यानंतर दगडासारखे घट्ट झाले आहे.

गोकुळशिरगाव_वर्कशॉप
असे कृपया कोणी करू नये. समजा बोअर २२ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरचा केला, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २९ टक्क्यांनी वाढते आणि पायाचा जोर तोच असताना ऑइलचा दाब सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. पेडल घट्ट लागते याचा अर्थ ब्रेक जोरात लागतो असा नाही. भरलेल्या गाडीला तेवढाच ब्रेक लावण्यासाठी पाय जास्त जोराने दाबावा लागतो.

कागल_भाडे
माझी गाडी व्यवस्थित थांबते. आकडेमोड कागदावर ठीक असते.

निपाणी_रोड
माझी तक्रार ऑइलविषयी आहे. एका गॅरेजमध्ये पोराने डब्यात ब्रेक ऑइल समजून स्टिअरिंगचे ऑइल ओतले. काही दिवसांत झाकणाखालचे रबर फुगले, मग आतले कप फुगले आणि ब्रेक सुटेनासा झाला. मास्टर, चारही चाकांचे सिलिंडर आणि होज असे सर्व रबर बदलावे लागले, पण गॅरेजवाल्याने एक रुपयाही कमी केला नाही. याच कारणाने किट घालताना सुटे भाग डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ देऊ नका आणि साधे ग्रीस लावू देऊ नका. ताजे ब्रेक ऑइलच वापरा.

शिरोली_कार्गो
डॉट ३ मध्ये डॉट ४ मिसळले तर रबर खराब होते, हेही लिहायला हवे होते.

गोकुळशिरगाव_वर्कशॉप
होत नाही. दोन्ही एकाच जातीची आहेत व एकमेकांत मिसळतात, फक्त डॉट ४ चा लाभ कमी होतो. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र त्यात मिसळू नये.

उद्यमनगरकर
स्लीव्हबद्दल मी लिहिलेले कोणी वाचलेले दिसत नाही. खर्चही बजेटमध्ये बसतो.

गूळगाडी
सर्वांचा आभारी आहे. आपण सांगितले त्या पद्धतीने तपासले आणि सिलिंडर स्वतः समोर उभे राहून उघडून घेतले. बूस्टर ठीक आहे व मागचे तोंड कोरडे आहे. बोअर कोरड्या सुती कापडाने पुसून बॅटरीच्या उजेडात पाहिला. त्यावर नख फिरवले असता कोठेही अडत नाही, गंजाचा खड्डाही नाही. पुढच्या कपाची कड मात्र कडक होऊन एका बाजूने झिजली होती. म्हणून मी असेंब्ली किंवा स्लीव्ह न घेता नामांकित कंपनीचे किट घातले. उरलेल्या पैशांत मागच्या दोन चाकांच्या सिलिंडरचे कप, लायनरची ॲडजस्टमेंट आणि सर्व ऑइल डॉट ४ करून घेतले. पेडल आता दाबून धरले तरी जागचे हलत नाही. तरीही काही दिवस गाडी गांधीनगर आणि मार्केट यार्ड एवढीच फिरवणार आहे. पेडल पुन्हा खाली गेले, तर असेंब्ली घेईन.

शिरोली_कार्गो
आपला निर्णय मला मान्य नाही. महिनाभरात आपण असेंब्ली घ्याल.

गोकुळशिरगाव_वर्कशॉप
बोअर स्वच्छ असेल तर किट घालण्यात गैर काही नाही. एक गोष्ट मात्र तपासा. पुशरॉड (पिस्टनला ढकलणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यात थोडी मोकळी जागा राहिली आहे ना? ती नसेल तर कप ते बारीक छिद्र झाकून ठेवतो, ऑइल परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतात. यार्डाची एक फेरी झाल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. चारही खूप तापले असतील तर आधी हीच जागा मोजा. पुढे कधी हवा काढायची झाली, तर पेडल तळापर्यंत मारू देऊ नका. पिस्टनचा रोजचा प्रवास जिथे संपतो त्याच्या पुढे गंज साचतो आणि कप प्रथमच तिथे गेला की त्याची कड फाटते.

गूळगाडी
मोकळी जागा आहे, बसवताना पाहिली होती. ड्रम उद्या यार्डातून आल्यावर तपासतो.