जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांतून सचित्र कविता कशी करावी?

प्रश्न (परळकर) :
माटुंग्याला पदपथावर एक जुनी मराठी कादंबरी मिळाली. बांधणी उसवलेली आहे आणि मधली बरीच पाने गहाळ आहेत. प्रत्येक पानावरचे मोजके शब्द मोकळे ठेवायचे, बाकीचा मजकूर चित्राखाली झाकायचा आणि उरलेल्या शब्दांची कविता साधायची, असा बेत आहे. इंग्रजी पानांवर हे जमले. मराठी पानावर मात्र निवडलेले शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय कागद पाणरंगाने लगेच फुगतो. काय करावे?

प्रतिसाद (गिरगावची वाचक) :
शब्द जुळत नाहीत, कारण आपण बहुधा आधी नामे निवडता. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि लिंग-वचन तेच सांगते. म्हणून पानाच्या खालच्या भागातले एखादे क्रियापद आधी पेन्सिलीने घेरावे आणि मग वर जात त्याला शोभणारे नाम शोधावे. ‘निघाली’ हाती लागले तर वर होडी, वाट किंवा वरात हवी. वारा कितीही सुंदर असला तरी तो सोडून द्यावा लागतो. प्रत्यय झाकतानाही विचार करावा. ‘घराला’मधील ‘ला’ झाकल्यास ‘घरा’ उरते आणि ते कवितेत खपून जाते. ‘वाऱ्याने’मधील ‘ने’ झाकल्यास उरलेले ‘वाऱ्या’ मात्र अधांतरी लोंबकळते.

पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असेल तर त्यात ‘घरांत’, ‘कां’, ‘नाहीं’ अशी रूपे भेटतील. आजचा वाचक ‘घरांत’ हे अनेकवचन समजेल, म्हणून अर्थ बिघडत असेल तेथे तेवढा एक टिंब रंगाने बुजवावा. एरवी ते अनुस्वार राहू द्यावेत, कारण जुन्या छपाईची गोडी त्यांतच आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद (दादरकर) :
ताईंशी सहमत आहे. चित्राबद्दल एवढेच सुचवतो की ते कवितेचा अनुवाद करू लागले की पान फिके पडते. ‘होडी’ शब्दाशेजारी होडी काढू नये. इंग्लंडमधील चित्रकार टॉम फिलिप्स यांनी डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ची एक कादंबरी घेऊन १९६६पासून तिच्या प्रत्येक पानावर असे काम केले, अनेक पाने पुढे पुन्हा नव्याने रंगवली आणि अंतिम आवृत्ती २०१६ साली आली. त्यांच्या पानांवर ओळींमधल्या कोऱ्या जागाच जोडून एका शब्दाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटा केलेल्या दिसतात. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार ओळींमधल्या जागेत शिरत असल्याने ही वाट अरुंद मिळते. तेथे अगदी बारीक टोकाचे पेन लागते.

प्रतिसाद (मुलुंडचा बांधणीकार) :
लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल तयार होत राहते, म्हणून तो पिवळा पडून ठिसूळ होतो. पाणरंग टाळून रंगीत पेन्सिली आणि जलरोधक शाईची पेने वापरावीत. अपारदर्शक रंग हवाच असेल तर पान आधी जाड, आम्लरहित कागदावर चिकटवून, दाबाखाली पूर्ण वाळवून घ्यावे; मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बराच वेळ लागतो. पुस्तकाची दुसरी प्रत सहज मिळणारी नसेल तर मूळ पानाला हात न लावता चांगल्या कागदावरील छायाप्रत रंगवावी.

परळकर :
मनःपूर्वक आभार. हे काम पुढे छापायचे झाल्यास लेखकाची परवानगी लागेल का?

दादरकर :
भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. हरि नारायण आपटे १९१९ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या मोकळ्या आहेत. आपल्या लेखकाचे निधनवर्ष आधी पाहावे आणि मुदत संपलेली नसल्यास वारसांना विचारावे.